आजीच्या हातातली चप्पल: ‘कोको’ आणि प्रतिनिधित्व नावाची भानगड

मार्च २०२५ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की ‘कोको’ या ॲनिमेशनपटाचा दुसरा भाग २०२९ साली येणार. त्याबरोबर २०१७ च्या पहिल्या ‘कोको’वरचे जुने वादही पुन्हा वर आले. एक बाजू म्हणते, रिप्रेझेंटेशन असावं तर असं. दुसरी म्हणते, अमेरिकन कंपनीने मेक्सिकोचा सण वेष्टनात घालून विकला. मधल्या मध्ये साध्या प्रेक्षकाची पंचाईत होते. पोरांना घेऊन सांगाड्यांचा गमतीदार सिनेमा पाहिला, शेवटी डोळे पुसले आणि घरी आलो. यात प्रतिनिधित्व आलं कुठून?

ते आजीच्या हातात आहे. सिनेमाच्या सुरुवातीला बारा वर्षांचा मिगेल चौकात एका मारियाची (मेक्सिकन लोकसंगीताच्या) वादकाचे बूट पॉलिश करत असतो. वादक त्याला गिटार वाजवून दाखवायला सांगतो, एवढ्यात आजी येते आणि त्या वादकाला चपलेने बडवते. सुरुवातीच्या आराखड्यात तिच्या हातात लाकडी पळी होती. मेक्सिकन सल्लागारांनी सांगितलं, पळी नको, ‘चांक्ला’ हवी. चांक्ला म्हणजे घरात घालायची सपाता. मेक्सिकन घरांत आईआजीचं हेच हत्यार. आपल्याकडे एखाद्या परदेशी माणसाने रागावलेल्या आजीच्या हातात लाटणं न देता बेसबॉलची बॅट दिली असती, तर जसं खटकलं असतं, तशीच ती पळी खटकली. बदल क्षुल्लक, पण तो दुहेरी बसला, कारण मिगेलचं घराणं चांभारकाम करणारं आहे. पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या घरातली आजी संगीतावर घराण्याचंच हत्यार चालवते. पळी असती तर नुसता विनोद झाला असता. चप्पल आल्यावर तोच विनोद कथेचा भाग झाला.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. मिगेलच्या खापरपणजोबांनी गाण्यापायी घर सोडलं, म्हणून खापरपणजी इमेल्दाने घरात संगीतच बंद केलं आणि जोडे शिवून संसार उभा केला. मिगेलला मात्र गायचं आहे. मृतांच्या सणाच्या रात्री तो एका दिवंगत प्रसिद्ध गायकाच्या समाधीतून गिटार उचलतो आणि जिवंतपणीच मृतांच्या लोकात जाऊन पडतो. सूर्योदयाच्या आत घरच्या मृतांपैकी कुणाचा आशीर्वाद मिळाला तरच सुटका, नाहीतर तोही हाडांचा होणार. तिथे त्याला एक्तोर नावाचा फाटका माणूस भेटतो. (स्पॅनिशमध्ये लिहिताना ‘ह’ असतो, बोलताना गायब.) पुढे रहस्यं उलगडतात. ती सांगितल्याशिवाय या लेखाचं काम होणार नाही, तेव्हा ज्यांना आधी सिनेमा पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. एक तास पंचेचाळीस मिनिटांचा आहे.

दोन शब्द, एकदाच

पहिला शब्द आशयसूत्र. घटनांच्या खालून वाहणारं, ‘हा सिनेमा कशाबद्दल आहे’ या प्रश्नाचं उत्तर. ‘मुलगा मृतांच्या लोकात जातो’ ही घटना झाली. ‘आठवण ठेवणं म्हणजे माणूस जिवंत ठेवणं’ हे आशयसूत्र.

दुसरा शब्द प्रतिनिधित्व. पडद्यावर कोणता समाज दिसतो, कसा दिसतो, आणि तो तसा दिसावा हे कुणी ठरवलं, या तिन्हींचा मिळून हा शब्द. बहुतेक भांडणं पहिल्याच टप्प्यावर अडकतात: अमुक समाजाचं पात्र आहे की नाही, चेहरा बरोबर आहे की नाही. खरी गोम पुढे आहे. हे दोन शब्द आपण दोन वेगळ्या खणांत ठेवतो, आणि तिथेच फसतो.

वारीची शर्यत

समजा, एखाद्या परदेशी स्टुडिओने पंढरीच्या वारीवर मुलांसाठी साहसपट काढला. पालखी बरोबर, टाळ-मृदंग बरोबर, नऊवारी, गळ्यातली तुळशीची माळ, रिंगणातला अश्व, सगळं अभ्यास करून उतरवलं. गोष्ट अशी: एक हुशार मुलगा दिंडी सोडून आडवाटेने धावतो आणि सगळ्यांच्या आधी एकटा पंढरपुरात पोहोचतो. लोक टाळ्या वाजवतात.

यात एकही टोपी चुकलेली नाही आणि तरी सगळं चुकलं आहे. वारीत आधी पोहोचण्याला किंमत नाही. किंमत दिंडीच्या क्रमाने, पावलाला पाऊल लावून चालण्याला आहे. वेशभूषाकाराने काम चोख केलं, पण गोष्टीच्या सांगाड्याने वारीलाच खोटं पाडलं. कपडे महाराष्ट्राचे, नियम दुसऱ्याच गावचे.

‘कोको’च्या बाबतीत हे जवळजवळ झालंच होतं. दिग्दर्शक ली अंक्रिच यांचा पहिला आराखडा वेगळा होता. नायक अमेरिकेत वाढलेला मुलगा, त्याची मेक्सिकन आई वारलेली. तो मेक्सिकोतल्या नातेवाइकांकडे येतो, मृतांचा सण अनुभवतो आणि शेवटी आईचा शोक मागे टाकून पुढे जायला शिकतो. हॉलिवूडच्या सवयीने पाहिलं तर उत्तम आराखडा. पण मेक्सिकोत २ नोव्हेंबरला लोक जे करतात ते नेमकं याच्या उलट आहे. गेलेल्याला सोडून द्यायचं नाही, दरवर्षी घरी बोलवायचं, जेवू घालायचं. हा उलटेपणा लक्षात आल्यावर तो आराखडा बाजूला पडला. परक्याच्या नजरेतून गोष्ट सांगत होतो, असं अंक्रिच यांनी नंतर स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे.

इथेच ते दोन खण एक होतात. आशयसूत्र चुकलं की प्रतिनिधित्व आपोआप चुकतं. मग झालर आणि फुलं कितीही अस्सल आणा.

सण नेमका काय, आणि सिनेमाने त्यात काय घातलं

मेक्सिकोतला मृतांचा सण १ आणि २ नोव्हेंबरला असतो. ढोबळमानाने पहिला दिवस लहान मुलांच्या आत्म्यांचा, दुसरा मोठ्यांचा. त्याचा कणा म्हणजे घरातली ‘ओफ्रेंदा’, गेलेल्यांसाठी मांडलेली पायऱ्यापायऱ्यांची आरास. पायऱ्या दोन, तीन किंवा सात. दोन असतील तर पृथ्वी आणि आकाश, असा सर्वसाधारण अर्थ सांगतात. वर पाणी, कारण लांबून आलेला आत्मा तहानलेला असतो. मीठ असतं, मेणबत्त्या असतात, कोपाल नावाच्या राळेचा धूप असतो, त्या दिवसांपुरता भाजलेला गोडसर पाव असतो, आणि गेलेल्याच्या आवडीचं जे काही असेल ते: मिरचीची आमटी, सिगारेट, दारूची छोटी बाटली. वर कातरकामाच्या रंगीत कागदी पताका. दारापासून आराशीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे वासाने आणि रंगाने आत्म्याला घर सापडावं.

आपल्याला हे वाचताना सर्वपित्री अमावस्या आठवणारच. पान वाढायचं, वडिलांना आवडणारी भाजी मुद्दाम करायची, कावळ्याची वाट बघायची. वसईत आणि गोव्यात तर तारीखही तीच आहे. २ नोव्हेंबरला तिथली ख्रिस्ती कुटुंबं कबरी साफ करून फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मात्र साम्य दिसलं म्हणून दोन्ही एक समजायची घाई नको. आपल्याकडे पितृपंधरवड्यात नवी खरेदी टाळतात. मेक्सिकोत त्या दिवशी बँड लावतात.

झेंडूची गंमत मात्र सांगायलाच हवी. आपण दसऱ्याला दाराला बांधतो ते फूल मुळात मेक्सिकोकडचं. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे इकडे आलं आणि इतकं आपलं झालं की आता त्याच्याशिवाय तोरण होत नाही. तिकडे त्याचं नाव ‘सेम्पासुचिल’, नावाट्ल या तिथल्या जुन्या भाषेतून आलेलं. शब्दशः अर्थ ‘वीस फूल’, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं.

आता सिनेमाची भर कोणती ते बघू. सिनेमात पक्का नियम आहे: ओफ्रेंदावर फोटो नसेल तर आत्म्याला मृतांच्या लोकातून जिवंतांकडे येणारा पूल ओलांडता येत नाही. पुलाच्या तोंडाशी यंत्र आहे, त्यात चेहरा तपासतात. ही परंपरा नाही, ही पटकथा आहे. फोटोग्राफी जेमतेम दोनशे वर्षांची, आराशीची पाळंमुळं तिच्याहून कितीतरी जुनी. फोटो ठेवतात हे खरं, पण फोटो हा प्रवेश-परवाना ही लेखकांची रचना.

मग हे खोटं प्रतिनिधित्व झालं का? नाही, आणि का नाही ते नीट बघण्यासारखं आहे. साहसपटाला कडक नियम लागतात. घड्याळ लागतं, अडथळा लागतो, हरवू शकेल अशी वस्तू लागते. ‘आठवण’ ही गोष्ट हातात धरता येत नाही, फोटो फाडता येतो. सिनेमाने सणाचा अर्थ तसाच ठेवला आणि त्याला हाताळता येईल असं रूप दिलं. इमेल्दाने रागाने नवऱ्याचा चेहरा फोटोतून फाडून टाकला आहे. एका फाटलेल्या कोपऱ्यावर सगळी गोष्ट उभी आहे.

दुसरा नियम ‘अंतिम मृत्यू’चा. जिवंतांच्या लोकात आपल्याला ओळखणारा शेवटचा माणूस विसरला किंवा गेला, की मृतांच्या लोकातूनही आपण विरून जायचं. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. त्यापलीकडची नावं बहुतेक घरांत येतच नाहीत. सिनेमातला एक्तोर हा मिगेलचा खापरपणजोबा, म्हणजे बरोबर त्या रेषेपलीकडचा. त्याला आठवणारं एकच माणूस उरलं आहे, त्याची मुलगी म्हणजे मिगेलची पणजी कोको, आणि तिचीही स्मृती विझत चालली आहे. बऱ्याच भाषांत या नात्यासाठी ‘पण-पण-आजोबा’ असं काहीतरी जोडकाम करावं लागतं. मराठीत शब्द तयार आहे, फक्त वापरात कुठे आहे?

‘काढून बघा’ची कसोटी

एखाद्या सिनेमातला सांस्कृतिक तपशील सजावट आहे की बांधकाम, हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. तो तपशील मनातल्या मनात काढून टाका आणि गोष्ट चालते का बघा. चालत असेल तर ती झालर. अडत असेल तर तो खांब.

झेंडू काढा: पूल पाकळ्यांचा आहे, आशीर्वादही पाकळीवरून दिला जातो. गोष्ट ठप्प होते, म्हणजे खांब. कागदी पताका काढा: सुरुवातीचा इमेल्दाचा सगळा इतिहास त्या कातरकामातूनच सांगितला आहे, पण तो दुसऱ्या पद्धतीनेही सांगता आला असता. अर्धा खांब म्हणू. चित्रकार फ्रीदा काल्हो यांचं पात्र काढा: दोन विनोद कमी होतात, बाकी काही बिघडत नाही. ही झालर, आणि माझ्या मते सिनेमाची जरा स्वस्तातली जागा. एवढ्या मोठ्या चित्रकर्तीला भुवयांच्या आणि माकडाच्या गमतीपुरतं आणलं आहे.

रंगीबेरंगी पंखवाले प्राणी, ‘आलेब्रिखे’, यांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. ही प्राचीन दैवतं नाहीत. मेक्सिको शहरातल्या पेद्रो लिनारेस या कारागिराने १९३० च्या दशकात तापात पाहिलेल्या स्वप्नातून ती कागदाच्या लगद्यात घडवली. पुढे ओआहाका या प्रांतातल्या कारागिरांनी ती लाकडात कोरली. मृतांच्या सणाशी त्यांचा संबंध नव्हता. सिनेमाने त्यांना आत्म्यांचे वाटाडे केलं. दिसतात देखणे, पण सिनेमा पाहून ‘ही तिथली जुनी श्रद्धा’ असं पोरांना सांगू नका.

एक तपशील कथेसाठी अजिबात गरजेचा नाही आणि तरी मोलाचा आहे: मिगेलची बोटं. ॲनिमेशनमध्ये पात्र गिटार वाजवतं तेव्हा हात नुसता वरखाली हलतो, सूर एक आणि बोटं दुसरीकडे, हे सर्रास दिसतं. इथे वादकांच्या गिटारींवर छोटे कॅमेरे बसवून बोटांच्या जागा टिपल्या आणि तशाच रेखाटल्या. गिटार न वाजवणाऱ्याला फरक कळणार नाही. वाजवणाऱ्याला कळतो. प्रतिनिधित्वात हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ज्यांचं चित्रण होतं त्या प्रेक्षकांत वाजवणारे बसलेले असतात.

आणखी एक कसोटी: समजावून कुणाला सांगतायत ते बघा. परक्या समाजावरच्या बऱ्याच सिनेमांत एक बाहेरचा पाहुणा असतो, त्याला स्थानिक लोक सगळं उलगडून सांगतात. तो पाहुणा म्हणजे प्रेक्षकाची खुर्ची, आणि ती खुर्ची कुणासाठी ठेवली आहे ते त्यावरून कळतं. टाकून दिलेल्या आराखड्यातला अमेरिकन मुलगा हाच पाहुणा होता. अंतिम सिनेमात आजी आपल्या नातवालाच सण समजावते, कारण त्याला कंटाळा आला आहे. हे कोणत्याही घरात घडतं. संवाद इंग्रजीत आहेत, पण मधले स्पॅनिश शब्द भाषांतर न करता तसेच सोडले आहेत. कळले तर कळले.

टेबलाभोवती कोण होतं

हे सगळं सद्बुद्धी झाली म्हणून घडलं असं मानण्याचं कारण नाही. २०१३ साली डिस्नेने चक्क सणाच्या नावावरच, ‘दिया दे लोस मुएर्तोस’वर, व्यापारचिन्हाचा हक्क मागणारे अर्ज केले. खेळणी, खाऊ असा माल त्या नावाने विकता यावा म्हणून. ‘गणेशोत्सव’ हा शब्द एखाद्या कंपनीने स्वतःच्या नावावर करायला घेतला तर काय होईल, याची कल्पना करा. हजारो लोकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या, अर्ज मागे घ्यावे लागले. व्यंगचित्रकार लालो अल्काराज यांनी डिस्नेच्या उंदराचा अक्राळविक्राळ सांगाडा चितारून खरपूस समाचार घेतला.

पुढे स्टुडिओने याच अल्काराज यांना सल्लागार म्हणून बोलावलं. नाटककार ओक्टाव्हिओ सोलिस आणि सांस्कृतिक क्षेत्रातल्या मार्सेला डेव्हिसन आव्हिलेस हेही होते. तयार होत असलेला सिनेमा त्यांना टप्प्याटप्प्याने दाखवला जाई. चप्पल तिथूनच आली. मेक्सिकन-अमेरिकन एड्रियन मोलिना आधी कथाचित्रं काढत होते, मग पटकथेवर आले, शेवटी सहदिग्दर्शक झाले.

इथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. सल्लागार कधी येतो याला सर्वाधिक किंमत असते. ॲनिमेशनमध्ये सिनेमा आधी कच्च्या चित्रांच्या पट्टीत उभा करतात, तो पुन्हा पुन्हा मोडून बांधतात. या टप्प्यावर आजीच्या हातातली पळी बदलायला एका चित्राचा खर्च येतो. हालचाल, प्रकाश, कापडाच्या घड्या सगळं झाल्यावर तोच बदल म्हणजे अनेकांचं काम पाण्यात. म्हणून शेवटी बोलावलेला सल्लागार फार तर शब्दोच्चार सुधारतो. आशयाला हात लावण्याची वेळ निघून गेलेली असते. श्रेयनामावलीत ‘सल्लागार’ हा शब्द दिसला की एवढ्यावर समाधान मानू नये, ते यासाठी.

‘मुलांच्या सिनेमात एवढं काय बघायचं?’

मुलं आशयसूत्र शब्दांत सांगू शकत नाहीत, पण ते त्यांच्यात उतरतंच. आपल्या मुलांनी पाहिलेले साहसपट आठवा. घरचे अडवतात, मूल बंड करतं, एकटं जगात जातं, जिंकतं, घरचे चूक कबूल करतात. वाईट सूत्र नाही, पण तेच ते आहे.

‘कोको’ची खरी चतुराई इथे आहे. ‘संधी साध, आपला क्षण हिसकावून घे’ हे सर्वसाधारण साहसपटाच्या नायकाचं वाक्य इथे एर्नेस्तो दे ला क्रुस, म्हणजे ज्याची गिटार मिगेलने उचलली त्याच गायकाच्या तोंडी आहे. अर्धा सिनेमा आपण मिगेलबरोबर त्या वाक्यावर माना डोलावतो. मग कळतं की या माणसाने क्षण साधला तो मित्राला, म्हणजे एक्तोरला, विष घालून आणि त्याची गाणी चोरून. नेहमीचं नायकाचं ब्रीद खलनायकाचं निघतं.

दुसरं टोकही सिनेमा मोकळं सोडत नाही. इमेल्दाचा पहिला आशीर्वाद अटीसकट येतो: परत जा, पण पुन्हा गायचं नाही. मिगेल पळतो. शेवटी एक्तोर विरत चालला असताना तो तीही अट मान्य करायला तयार होतो, आणि तेव्हा इमेल्दाच अट काढून घेते. बंड जिंकत नाही, हुकूमही जिंकत नाही. दोघं एकेक पाऊल मागे येतात. एकत्र कुटुंबाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा तोडगा ओळखीचा वाटेल.

‘एका सिनेमात अख्खा मेक्सिको कसा मावेल?’

मावत नाहीच. सिनेमातलं सांता सेसिलिया हे काल्पनिक गाव आहे आणि त्यात बऱ्याच प्रांतांची खिचडी आहे. चमूने ओआहाका, मिचोआकान अशा भागांत फिरून जे पाहिलं ते एकत्र केलं. मृतांच्या शहराची डोंगरउतारावरची रंगीत घरं ग्वानाह्वातो या शहराची आठवण देतात. मिगेलला ज्या खोल पाणकुंडात फेकतात, तशी कुंडं युकातान भागाची ओळख. समजा, सिंधुदुर्गातल्या एका गावात नागपूरचा मारबत, कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि खानदेशी कानबाई एकाच दिवशी दाखवली. परक्याला काही खटकणार नाही. आपण हसू.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. २००८ साली युनेस्कोने हा सण मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, तो ‘मूळ समाजांचा मृतांसाठीचा सण’ याच वर्णनाने. सिनेमात मात्र मूळ समाजांचं एकही ठळक पात्र नाही, त्यांची भाषा ऐकू येत नाही. मृतांच्या शहरातले मनोरे नीट बघा: तळाशी प्राचीन पिरॅमिड, त्यावर वसाहतकाळाची घरं, त्यावर आधुनिक इमारती. इतिहासाचे थर सुंदर रचले आहेत. पण पायाचे दगड झालेल्या लोकांना त्या मनोऱ्यात संवाद नाही. हा आक्षेप मला पूर्ण पटतो, आणि सिनेमा चांगला आहे म्हणून तो कमी होत नाही.

बायकांविषयी मत दोन्ही बाजूंनी देता येईल. इमेल्दा एकटीने धंदा उभा करते आणि तो पुढच्या पिढ्यांना शिकवते. पण संगीत हवं असणारा मुलगा आणि बंदी घालणारी बाई ही जुनी वाटणी सिनेमाने बरीचशी तशीच ठेवली. तिला तोड म्हणून शेवटी इमेल्दा स्वतः हजारोंसमोर गाते. तिला गाणं आवडत होतं, ते तिने पोरीसाठी गिळलं, हे तेव्हा दिसतं. तो प्रसंग नसता तर सिनेमा या बाबतीत नापास झाला असता.

गरीब-श्रीमंतीचा मुद्दा फार कमी लोक काढतात. मेल्यावर तरी सगळे सारखे, असं आपण म्हणतो. इथे मृतांच्या लोकातही ज्याचे चाहते जास्त त्याच्याकडे नैवेद्याचे ढीग आणि उंच हवेली, आणि ज्याचा फोटो कुणीच ठेवत नाही त्याची झोपडपट्टी. तिथले लोक रक्ताचं नातं नसताना एकमेकांना चुलतभाऊ, काका म्हणतात. पुलाजवळची तपासणी, कागद नाही म्हणून परत पाठवलेला एक्तोर, आणि सिनेमाचं साल २०१७, जेव्हा अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्याच्या घोषणा चालल्या होत्या. जोड प्रेक्षकाने लावायची.

सिनेमा परंपरेला उलटा हात लावतो तेव्हा

‘कोको’ मेक्सिकोत अमेरिकेच्या आधी, ऑक्टोबर २०१७ अखेर, सणाच्या तोंडावर लागला आणि तोवरच्या सर्व सिनेमांपेक्षा तिथे जास्त चालला. म्हणजे ज्यांचं चित्र काढलं त्यांनी ते भिंतीवर लावलं. पण चित्र भिंतीवर लागलं की घरही थोडं बदलतं. याचं स्वच्छ उदाहरण ‘कोको’च्या आधीचं आहे. २०१५ च्या बाँडपटाच्या सुरुवातीला मेक्सिको शहरात मृतांच्या सणाची भव्य मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक तिथे निघतच नव्हती. सिनेमा पाहून लोक ती बघायला येतील म्हणून २०१६ पासून शहराने खरोखरच काढायला सुरुवात केली. आता ती दरवर्षी निघते, आणि आज तिथे वाढणाऱ्या मुलाला ती परंपराच वाटणार.

नावाचीही एक गंमत. पोर्तुगीज कानाला ‘कोको’ म्हणजे लहान पोरांची शी, म्हणून ब्राझीलमध्ये सिनेमाचं नाव बदलून ‘व्हिव्हा’ ठेवावं लागलं.

घरी किंवा शाळेत दाखवताना

सांगाड्यांना मुलं सहसा घाबरत नाहीत, ते गोल डोळ्यांचे आणि विनोदी आहेत. जड जाणारे प्रसंग तीन: झोपडीतला म्हातारा चिचारोन सोनेरी होऊन विरतो तो, विषप्रयोगाचं रहस्य, आणि शेवटी पणजीसमोर मिगेल गातो तो. सात-आठ वर्षांखालच्या मुलांबरोबर बघत असाल तर चिचारोनच्या प्रसंगानंतर दोन मिनिटं थांबवा. अंतिम मृत्यूचा नियम तिथेच सांगितला आहे, आणि तो निसटला तर पुढची सगळी धावपळ नुसती धावपळ वाटते. घरात आजी-आजोबांना विस्मरणाचा आजार असेल तर शेवटच्या प्रसंगाची मुलांना आधी कल्पना द्या. गाण्याने क्षणभर ओळख परत येताना दिसते, आणि मूल दुसऱ्या दिवशी आजीसमोर गाऊन बघतं, वाट पाहतं.

शाळेत चर्चा घ्यायची असेल तर ‘काय शिकलात’ विचारू नका, ठरलेली उत्तरं येतात. सुरुवातीची ओफ्रेंदा आणि एका वर्षानंतरची, शेवटच्या प्रसंगातली ओफ्रेंदा, दोन्ही चौकटी थांबवून शेजारी शेजारी दाखवा आणि काय बदललं ते शोधायला लावा. एक फोटो नवा आला आहे, तो पणजीचा. एक फाटका होता, तो जोडला आहे. जोडाची रेघ मिटवलेली नाही. मागच्या बाकावरचं एखादं पोर ती बरोबर दाखवतं.